कवायतीला विश्रांती द्या

नागपूर,
आश्विन शुद्ध पंचमी, पहाटे साडेचार

तीर्थस्वरूप मार्तंडदादांस, धाकट्या उत्तराचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतात तेवढाच साष्टांग; उरलेला मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समजावं).

तुमची प्रकृती उत्तम असेल. नसेल तर दोष प्रकृतीचा नाही, रोज सकाळी स्टँडवर जाऊन तर्री-पोहे खाण्याचा आहे, हे वहिनींनी मला सांगितलेलं नसून मी स्वतः ओळखलेलं आहे, तेव्हा त्यांच्यावर डोळे वटारू नयेत. इकडे आम्ही दोघं ठीक. पत्र लिहिते आहे कारण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही. आपल्या दोघांचं बोलणं अर्ध्या उमरेडला आणि इकडे सगळ्या हनुमान नगरला कळतं. आजचा मजकूर हनुमान नगरला कळावा अशी माझी इच्छा नाही. टपालाने पाठवलं तर दिवाळीला पोचेल, म्हणून सात वाजताच्या उमरेड एसटीच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे. त्याने चहाचा डाग पाडला असेल तर तो माझा समजू नये.

गणपतीत तुम्ही आला होतात तेव्हा विचारलं होतं, “काय गं उत्तरे, मोबाईलवर मिळते तसली स्वस्तातली मशीन घेऊन धंद्याचं काम होतं का?” मी म्हटलं होतं, “होतं. न व्हायला काय झालं?” ते उत्तर मी जरा लवकर दिलं. आज पूर्ण उत्तर देते.

आमची आधीची ड्रिल मशीन (तुमची म्हैस परत केल्यावर घेतलेली ती, म्हशीकडे पुढे येते) अकरा वर्षं इमानाने चालून नेमकी विसर्जनाच्या दिवशी शांत झाली. तशीच नवीन घ्यावी म्हणून दुकानात गेले. किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, ही सुटी मिळते की सोबत सुतारही येतो? घरी येऊन मोबाईलवर पाहिलं, तर तिथे तिसऱ्या हिश्शात अख्खा संच: ड्रिल मशीन, तिला लावायचे बत्तीस बिट, टेप, पकड आणि हे सगळं ठेवायला निळा डबा. दादा, मी बी.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र घेऊन, आणि तेव्हा वर्गात आम्ही तीनच मुली होतो. मी जाहिरातीला भुलत नाही. मी लेबल वाचते. वॅट तेवढेच होते. मिनिटाचे फेरे तेवढेच होते. शक्ती म्हणजे शक्ती, ती महाग किंवा स्वस्त नसते, हे मी नत्थूला दहा मिनिटं समजावून सांगितलं. (नत्थू तुम्हांला माहीतच आहे. पूर्वी माझ्याकडे पाच सुतार होते. आता तो एकच आहे आणि बोलतो पाचांइतका.) त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, लेबलाचं काय घेऊन बसले! साडीवरही पैठणी लिहून राहते.” वर म्हणे, पितरपंधरवड्यात नवीन वस्तू घरात आणू नये. मी म्हटलं, पितरांना ड्रिल मशीनशी काय करायचं आहे? तो म्हणाला, “त्यायले नसन करायचं. पण हिले त्यायच्याकडं जायची घाई राहीन.”

संच आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक आणि मशीनवर दुसरं आहे. आत मराठी पुस्तिका होती. ती ज्याने केली तो मला एकदा भेटावा, एवढीच प्रार्थना. त्याने ‘ड्रिल’ला सगळीकडे ‘कवायत’ म्हटलं होतं आणि ‘बिट’ला ‘थोडेसे’. आमच्या घरचे खुर्चीत बसून मोठ्याने वाचू लागले: “कवायत सुरू करण्यापूर्वी तिच्या तोंडात थोडेसे घट्ट धरावे.” मग: “कवायत करताना डोळे घालावेत.” (चष्मा म्हणायचं असावं.) मग: “ओल्या हातांनी कवायतीचे कान धरू नयेत.” नत्थू ताठ उभा राहून ‘जय हिंद’ म्हणाला. हसण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही. पण त्या दिवसापासून मशीनचं नाव कवायत पडलं, आणि पुढे मीही तेच म्हणू लागले, कारण दुसरं म्हटलं की कुणाला कळेना.

त्याच दिवशी पैज लागली. तुम्हांला ठाऊक आहे, आमच्याकडे नवीन हत्यार खंडेनवमीच्या पूजेत मांडून हळदकुंकू लागल्याशिवाय कारखान्याचं मानलं जात नाही. तोवर ते पाहुणं. नत्थू म्हणाला, ही नवमी पाहत नाही. मी म्हटलं, पाहील. तो म्हणाला, नवमीला हिला हळदकुंकू लागलं तर मी महिनाभर तुमची शुद्ध भाषा बोलतो. मला हे हवंच होतं. तेहतीस वर्षं मी त्याला सांगते आहे की ‘येऊन राहिलो’ म्हणू नकोस, ‘येत आहे’ म्हण. कारण नत्थू जेव्हा फोनवर ‘येऊन राहिलो बाई’ म्हणतो तेव्हा तो अजून घरी आंघोळीचं पाणी तापवत असतो. मी पैज हरले तर काय, ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

आता काम कोणतं ते सांगते. इतवारीतले भैयाजी, किराण्याचे ठोक व्यापारी, यांनी बेसा रोडला घर बांधलं आहे. दसऱ्याला वास्तुशांत. जुन्या दुकानाच्या माळ्याच्या सागवानी तुळया निघाल्या, त्यांचाच देव्हारा हवा, असा त्यांच्या आईचा, पुष्पलताबाईंचा, हट्ट. साठ वर्षं वाळलेलं सागवान म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. त्याला खिळा दाखवला तर खिळा परत जातो. शिवाय देव्हाऱ्याच्या दाराला जाळी हवी, आणि जाळीला एका पल्ल्यात एकशे आठ आणि दुसऱ्यात एकशे आठ छिद्रं. (शंभरांनी देवाचं भागलं असतं असं माझं मत, पण गिऱ्हाइकाशी मी अध्यात्मावर वाद घालत नाही.)

पहिल्या दिवशी कवायतीने झकास काम केलं. मी नत्थूकडे बघितलं. तो वर पंख्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कारखान्यात शांतता म्हणून डोकावले, तर कवायत स्टुलावर पंख्याखाली ओल्या फडक्यावर आणि शेजारी नत्थू चहा पीत बसलेला. काय हे? तर, “पुस्तकात लिहून हाये बाई. सायबायले विचारा.” आमच्या घरच्यांनी तत्परतेने पान काढलं: “दहा मिनिटे कवायत झाल्यावर तिला वीस मिनिटे विश्रांती द्यावी.” मी म्हटलं, विश्रांती तिला लिहिली आहे, तुला कुठे लिहिली आहे? तो म्हणाला, “मी तिच्या संगं हावो न बाई. एकटी कशी बसन?”

दादा, हिशेब तुम्हीच करा. आठ तासांच्या दिवसात कवायत चालते दोन तास चाळीस मिनिटं, आणि पाच तास वीस मिनिटं ती पंख्याची हवा खाते. त्यातही दर सहा-सात छिद्रांना एक थोडेसे वाकतं. बत्तीस थोडेशांपैकी एकोणीस वाकली, सात मोडली, आणि एक छताला जाऊन लागलं, ते अजून तिथेच आहे. पहिल्या पल्ल्याला नऊ दिवस लागले. म्हैस असती तर दोन दिवसांचं काम. (हे वाक्य चुकून लिहिलं गेलं. शाईचं पेन असल्यामुळे खोडत नाही.)

तर म्हैस. नव्या पिढीला माहीत नसलेली ही गोष्ट तुमच्या माझ्यात स्पष्ट असलेली बरी. तुमचा कळमेश्वरचा कारखाना बंद पडला तेव्हा लिलावात तुम्ही ती करड्या लोखंडाची ड्रिल मशीन घेतलीत आणि माझ्या कारखान्याला दिलीत. वीस वर्षं तिने ओरडून ओरडून काम केलं, एकदाही विश्रांती मागितली नाही. पण वजन असं की नत्थू सोडून कुणाला उचलेना, म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी तुम्हांला म्हटलं, “दादा, ही म्हैस घेऊन जा, हिला सुतार नको, गवळी हवा.” तुम्ही तिला खांद्यावर घेऊन एसटीत बसलात, कंडक्टरने तिचं अख्खं तिकीट फाडलं, तेही काढलंत. तेव्हापासून दर दिवाळीला तुम्ही विचारता, “काय गं, म्हैस आठवते का?” आणि मी म्हणते, “नाही.” हा प्रश्न अकरा वेळा विचारून झाला आहे. माझं उत्तर अकराही वेळा तेच आहे, हे माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

असो. तृतीयेला दुपारी, दुसऱ्या पल्ल्याच्या त्रेसष्टाव्या छिद्रावर, कवायतीने अचानक एक मोठा आवंढा गिळला आणि तिच्या कानांतून धूर यायला लागला. (मशीन त्या वेळी कुणाच्या हातात होती हा प्रश्न गौण आहे.) खोक्यावर तक्रारीचा नंबर होता. मी लगेच लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबले. मुलगी पुण्याकडची असावी. बोलणं गोड, पण सगळं सावकाश. “मॅडम, नेमकी अडचण काय आहे?” मी शांतपणे, शुद्ध भाषेत सांगायला गेले, तेवढ्यात ठिणगी उडाली आणि माझ्या तोंडून निघालं, “अहो, धूर निघून राहिला!”

ती म्हणाली, “मॅडम, निघाला की राहिला?”

“निघून राहिला!”

“म्हणजे निघून गेला?”

“गेला नाही, निघून राहिला! माझ्यासमोर निघून राहिला!”

“एकदा निघाला तर मग राहिलाय काय, मॅडम?”

दादा, तेहतीस वर्षं ज्या क्रियापदाशी मी लढले, ते ऐन वेळी माझ्याच तोंडी येऊन बसलं. नत्थू दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन. पाच मिनिटांनी मोबाईलवर संदेश आला: ‘तक्रार: धूर. सद्यस्थिती: धूर निघून गेला आहे. तक्रार निकाली.’ नत्थू म्हणाला, “तिकडल्या लोकायले राहणं समजतच नाही बाई. ते जातेच.”

चतुर्थीला पुन्हा लावला. या वेळी वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. तीच मुलगी. हमी वर्षभराची आहे, मशीन बदलून देऊ, म्हणाली. फक्त एक सांगा, वापर घरगुती की व्यावसायिक? इथे कुणीही शहाणं माणूस ‘घरगुती’ म्हणून मोकळं झालं असतं. मी म्हटलं, “व्यावसायिक! तेहतीस वर्षांचा व्यवसाय आहे माझा. नागपुरातल्या निम्म्या देवांना मी घरं दिली आहेत.” ती हळहळून म्हणाली, मग हमी लागू होत नाही मॅडम, ही मशीन छंदासाठी आहे. मी विचारलं, असं कुठे लिहिलं आहे? तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: “ही कवायत हौशी लोकांनी करावी.” मी वाद घातला की देव्हारा ही वस्तूच घरगुती आहे, देव घरात राहतात, ऑफिसात जात नाहीत. तिने नोंद करून घेते म्हटलं. संदेश आला: ‘सद्यस्थिती: देव घरी आहेत. तक्रार निकाली.’

फोन ठेवते तोच भैयाजी आले. दारातूनच ओरडले, “ताई, देव्हारा कुठवर आला? दसऱ्याले वास्तू हाये. आई म्हणते, नवीन देव्हारा नसन तर मी नवीन घरात पाय ठेवत नाही. मी देव कुठी ठेवू मंग, फ्रिजवर? अन् आईले कुठी ठेवू?” मी म्हटलं, नवमीच्या संध्याकाळी देव्हारा तुमच्या दारात येईल, माझा शब्द कधी मागे गेला आहे का? ते म्हणाले, “नाही ताई, म्हणून तर आलो,” आणि चहा घेऊन गेले. तेहतीस वर्षांत माझा शब्द खरंच मागे गेलेला नाही. छिद्रं उरली होती पंचेचाळीस.

मी पदर खोचून चांगल्या कंपनीची मशीन घ्यायला निघाले. दुकानदार म्हणाला, दसऱ्याच्या तोंडावर सगळी गेली, आता येतील ती दिवाळीत. ओळखीच्या तीन सुतारांकडे गेले. तिघांनी चहा दिला, मशीन कुणी दिली नाही. त्यांचंही बरोबर आहे; खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात आपलं हत्यार कोण दुसऱ्याच्या घरी ठेवील?

परत आले तर नत्थूने भिंतीवरचं गिरमिट काढलं होतं. लाकडी मुठीचं, हाताने फिरवायचं, त्याच्या वडिलांचं. आजकाल ते फक्त नवमीला खाली येतं. छातीशी धरून, सगळं वजन टाकून, तो त्या दगडासारख्या सागवानात एकेक छिद्र पाडत होता. मी म्हटलं, अरे नत्थू, तुझा खांदा! तो म्हणाला, “खांदा काही म्हणून नाही राहिला बाई. तो आवाज गिरमिटाचा हाये.” तो आवाज गिरमिटाचा नव्हता. मी तेहतीस वर्षं त्याचे खांदे आणि त्याची हत्यारं, दोन्ही ऐकते आहे. संध्याकाळपर्यंत चार छिद्रं झाली आणि जाताना त्याने सायकलचं हँडल डाव्या हाताने धरलं. एकेचाळीस उरली. दिवसाला चार धरली तर नवमीपर्यंत किती होतात, हे काढायला बी.एस्सी. लागत नाही. त्याने न थांबता करायचं ठरवलं तर तो करीलही. पण मग दसऱ्याला माझ्याकडे देव्हारा असेल आणि सुतार नसेल.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वर्षातून दोन कॅलेंडरं आणि एक आरसा टांगायचा असेल तर स्वस्तातली मशीन जरूर घ्यावी. ती काम करत नाही असं नाही. ती काम करते, पण तिच्या सोयीने. आणि धंदा गिऱ्हाइकाच्या सोयीने चालतो. शिवाय ती जे वाचवते ते माझ्या बाजूला दिसतं आणि जे खाते ते नत्थूच्या खांद्यातून जातं. लेबलावर हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी शोधलं.

वहिनींना नमस्कार. तर्री-पोहे बंद करावेत. कळावे, लोभ आहेच. तो वाढला तर बघू.

तुमची धाकटी,
उत्तरा

ता. क. निळा डबा मात्र अतिशय उत्तम निघाला. झाकण घट्ट, मुंगी आत जात नाही. त्यात वहिनींसाठी करंज्या भरून याच एसटीने पाठवत आहे. व्यावसायिक दर्जाचं त्या संचात तेवढंच होतं.

ता. क. दोन. हे पत्र एसटीवर न्यायला आलेल्या नत्थूने वाचायला मागितलं. वाचून म्हणाला, “बाई, ‘कुणाच्या हातात होती हा प्रश्न गौण’ म्हणजे काय?” तर दादा, मशीन माझ्या हातात होती. नत्थू जेवायला गेला होता. कवायत फडक्यावर पडलेली बघून माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, दोन आठवडे विश्रांती झाली, आता बघू या. न थांबता चाळीस मिनिटं चालवली. छिद्रं मात्र सुरेख आली. हे अजून भैयाजींना, आमच्या घरच्यांना आणि त्या पुण्याच्या मुलीला ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नये, निदान फोनवर तरी नाही.

ता. क. तीन. पैज मी हरले. हरले तर तुम्हांला पत्र लिहून म्हैस परत मागायची, असं ठरलं होतं. तुम्ही दर नवमीला तिला तेल देऊन पूजेत मांडता, हे वहिनींनी मला सांगितलेलं नसून मी स्वतः ओळखलेलं आहे. तर ती उद्याच्या पहिल्या एसटीने घेऊन यावी. पाठवू नये, घेऊन यावी. एकेचाळीस छिद्रं एका दिवसात होतील, आणि नत्थूच्या खांद्याला ती पेलवणार नाही, तेव्हा धरायला तुम्ही लागाल. या वर्षी तिची पूजा इथे होईल. नत्थू म्हणतो, मधोमध म्हैस, उजवीकडे गिरमिट आणि कोपऱ्यात कवायत. मी म्हटलं, ती तर जळाली. तो म्हणाला, “डूटीवर गेली न बाई. दोन फुलं तिलेही.” कंडक्टरने म्हशीचं तिकीट मागितलं तर वाद घालू नये, अख्खं काढावं. तिचा तो मान आहे.

ता. क. चार. नत्थू अजून समोरच उभा आहे. पैजेत आणखी एक कलम होतं, ते मी विसरले असं त्याला वाटतं आहे. म्हैस मागायची ती त्याच्या भाषेत मागायची. एसटीला दहा मिनिटं आहेत. तर लिहिते.

दादा, म्हैस मले आठवते. या. मी वाट पाहून राहिली.